लव्हाळ्याची जागा

“इथं तुझ्या बापाचं, दर्बिशचं घर का नाही दाखवलंस?”

सुयुन आबांनी काठी उचलली आणि तिचं टोक थेट पाणचक्कीमागच्या लव्हाळ्यावर टेकवलं. तिथला शेवटचा पट्टा नुकताच लिंपलेला, प्लास्टर अजून ओलं होतं. त्यात बोटभर खड्डा पडला.

जिपारकुल टेबलाच्या दुसऱ्या बाजूला टेकडीचा उतार लिंपत होती. तिला वाटलं, म्हातारा चुकला. कोश-तेरेक गाव धरणाच्या पाण्याखाली जाऊन त्या शरदात चाळीस वर्षं होत होती, आणि तालुक्याच्या संग्रहालयासाठी ती त्या गावाची प्रतिकृती करत होती. तिने स्वतः ते गाव पाहिलंच नव्हतं. ती जन्मली तोवर तिथे पाणी आलं होतं आणि माणसं वरच्या माळावर, एकसारख्या घरांच्या रांगांमध्ये राहायला आली होती. म्हणून ती म्हाताऱ्या माणसांना आळीपाळीने बोलवायची, दुधाचा चहा पाजायची आणि विचारायची. इथे काय होतं, तिथे कोण राहायचं, विहिरीला कठडा होता का. म्हातारे भांडायचे, एकमेकांना खोटं पाडायचे, आणि त्या भांडणातून गाव हळूहळू उभं राहत होतं.

तिला हे काम येत होतं. वीस वर्षं ती या संग्रहालयात होती. काचेमागच्या कोल्ह्याच्या पायाखालचा बर्फ, लांडग्याच्या गुहेतला ओलसर खडक, युद्धाच्या दालनातल्या खंदकाचा चिखल, सगळं तिच्या हातचं. खाली तिचं नाव कुठेच नव्हतं आणि ते असावं असं तिला कधी वाटलंही नव्हतं. नवरा रशियात कामाला गेला तो तिकडचाच झाला, तेव्हापासून ती आईजवळ राहत होती. सकाळी बसने यायची, संध्याकाळी नखांत प्लास्टर घेऊन परत जायची. लाकडी चौकटीवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ताणायची, जाळीवर प्लास्टरात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या पसरायच्या, त्यावर चाळलेली माती, रंगवलेला भुसा, वाळलेल्या रानफुलांच्या काड्यांची झाडं. या गावावर मात्र तिचा जरा जास्त जीव जडला होता. आपल्या आईवडिलांचं घर तर तिने सगळ्यात आधी केलं होतं. शाळेच्या वर, दोन उंच पॉपलरांच्या पायथ्याशी, निळ्या झडपांचं. आईनेच जागा सांगितली होती. आणि पाणचक्कीमागे काय होतं असं विचारल्यावर आई म्हणाली होती, “काही नव्हतं गं. दलदल. नुसता लव्हाळा.” मग जिपारकुलने घोड्याच्या शेपटीचे केस बारीक कापून, हिरवे रंगवून, एकेक करून तिथे लव्हाळा लावला होता.

“आबा, आमचं घर ते बघा ना वर,” ती हसत म्हणाली. “पॉपलरांखाली.”

“ते जनावरांच्या डॉक्टरचं,” सुयुन आबा चिडून म्हणाले. “मला शिकवतेस? तुमचं घर इथं होतं. तुझा भाऊ त्या छपरावर बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला जर्दाळूच्या बिया मारायचा. माझ्या टोपीवर किती मारल्यात त्यानं.”

“कोणाचा भाऊ?”

“तुझा. तिलेक.”

खोलीत आणखी तीन म्हातारी माणसं होती. त्यांच्यातलं कोणीही सुयुन आबांना खोटं पाडलं नाही. एकाने खिडकीबाहेर पाहिलं. बातमाकान मावशींनी, ज्या साऱ्या गावाला टपाल वाटून निवृत्त झाल्या होत्या, हातातला चहाचा वाडगा जमिनीवर ठेवला, आणि ठेवताना तो कलंडला. मग त्या एकदम शाळेच्या घंटेबद्दल बोलू लागल्या. घंटा डाव्या बाजूला होती, की उजव्या. सगळे घंटेबद्दल बोलू लागले. सुयुन आबाही. त्यांचं अलीकडे असंच व्हायचं. पन्नास वर्षांपूर्वीचं लख्ख आठवायचं आणि आता काय बोललो ते निसटून जायचं.

जिपारकुल घंटेची जागा लिहून घेत राहिली. आपण काय लिहितोय हे तिला कळत नव्हतं. भांड्यात कालवलेलं प्लास्टर घट्ट होऊन दगड झालं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की सगळे निघून गेलेत.

ती धावत रस्त्यावर गेली. बातमाकान मावशी थांब्यावर बससाठी उभ्या होत्या. जिपारकुल त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मावशींनीच तिचा हात धरला, प्लास्टरने खरखरीत झालेला.

“मला वाटायचं, तुला कधीतरी कळलं असणार,” त्या म्हणाल्या. “एवढी मोठी झालीस.”

मग त्यांनी सांगितलं. तिलेक सहा वर्षांचा होता. गाव उठायच्या आदल्या हिवाळ्यात त्याच्या छातीत कफ भरला. खिंड बर्फाने बंद होती, डॉक्टर पलीकडे अडकून पडला. मुलगा चौथ्या दिवशी गेला. त्याची कबर पुढे गावाबरोबर पाण्याखाली गेली. त्यानंतर आसिलकान, म्हणजे जिपारकुलची आई, त्या घरात पाऊल टाकायला तयार होईना. जनावरांच्या डॉक्टरची जागा रिकामी होती, उरलेला हिवाळा नवराबायकोने तिथे काढला. नव्या गावात जिपारकुल जन्मली तेव्हा बारशाच्या जेवणाला आईने सगळ्या आळीला बोलावलं, मधोमध भाकरी ठेवली आणि प्रत्येकाला त्या भाकरीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. या मुलीसमोर त्याचं नाव कोणी काढायचं नाही. कोणी काढलं नाही. भाकरीवर हात ठेवल्यावर कोण काढणार?

“सगळ्यांना माहीत होतं?” जिपारकुलने विचारलं.

“सगळ्यांना.”

बस आली आणि गेली. बातमाकान मावशी चढल्या, जिपारकुल तिथेच राहिली. तिला एकेक माणूस आठवू लागला. दुकानदार, शाळेतल्या बाई, लग्नात तिच्या डोक्यावर रुमाल बांधणाऱ्या बायका. त्या प्रत्येकाने तिच्याकडे पाहताना मनात एक दुसरं मूल पाहिलं असणार. आणि वडील. ते वारले त्याला बारा वर्षं झाली होती. दर वसंतात बर्फ वितळला की ते गळ घेऊन धरणावर जायचे आणि दिवसभराने रिकाम्या हाताने परत यायचे. ती त्यांना चिडवायची, तुमच्या गळाला मासे हसतात म्हणायची, आणि ते मान हलवून हसायचे. आपण इतकी वर्षं कशावर विनोद करत होतो हे आता त्या थांब्यावर तिला कळलं.

घरी आई नेहमीसारखी चुलीशी होती. तिने नूडल्सचा रस्सा वाढला, वर दही घातलं, आणि विचारलं की आज गाव कुठवर आलं.

“शाळेची घंटा उजवीकडे होती म्हणे,” जिपारकुल म्हणाली.

“डावीकडे,” आई म्हणाली. “त्यांना काय आठवतंय.”

जिपारकुल तिच्याकडे पाहत राहिली. ऐंशीच्या घरातली, वाळून लहान झालेली ही बाई, जिला ती रोज अंघोळीचं पाणी काढून द्यायची, जिची नखं कापायची, तिला ती ओळखत नव्हती. राग आला होता का, तर तोही नीट येत नव्हता. घंटेची जागा इतकी पक्की सांगते, आणि स्वतःच्या घराच्या जागी दलदल होती म्हणते. केसांचा तो लव्हाळा लावायला तिला आठवडा लागला होता. रोज घरी येऊन ती आईला सांगायची, आज एवढा लावला, आणि आई म्हणायची, छान, दाट लाव.

पुढचे काही दिवस ती कामावर जात होती, पण गावाला हात लावत नव्हती. कोल्ह्यावरची धूळ पुसली, लांडग्याचा सैल झालेला कान चिकटवला. एकदा आबांकडे जाऊन आली. त्यांना काहीच आठवत नव्हतं. त्यांनी तिला पुन्हा घंटा कुठे होती ते सांगितलं. संग्रहालयाच्या प्रमुखांनी विचारलं की उद्घाटनाला पंधरवडाच उरलाय, काम का अडलंय. ती म्हणाली, प्लास्टर वाळत नाही, हवेत ओल आहे.

मग एका सकाळी तिने चिमटा घेतला आणि लव्हाळा उपटायला सुरुवात केली. ओलं असताना रोवलेले केस आता घट्ट बसले होते, एकेक ओढावा लागत होता. आबांच्या काठीचा खड्डा तिने भरून सपाट केला. पुठ्ठ्याच्या भिंती कापल्या, वर मातीचा गिलावा दिला, सपाट छपरावर चाळलेली माती पसरली. घर लहानच होतं, काडेपेटीएवढं. पॉपलरांखालच्या निळ्या झडपा तिने तशाच राहू दिल्या. तिथेही ती माणसं एक हिवाळा राहिली होती.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. त्या सोमवारी ती आईला बसने घेऊन आली. उद्घाटनाच्या दिवशी गर्दीसमोर हे तिच्यापुढे यायला नको, एवढं तिने ठरवलं होतं. बाकी काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. बसमध्ये आई खुशीत होती. तिने चांगला पांढरा रुमाल बांधला होता, आणि पर्समध्ये पहारेकऱ्यासाठी कणकेचे तळलेले बोरसोक घेतले होते.

गाव पाहून आई आधी हसली. वाकून पाहू लागली. ही मशीद नव्हती, गोदाम होतं. ही सातकिनची भिंत, हिच्यावरून तिचं आणि तिच्या शेजारणीचं जन्मभर भांडण. पॉपलर मात्र फार उंच केलेस. असं बोलत बोलत ती कालव्याच्या कडेने पुढे सरकत होती. पाणचक्कीपाशी आली आणि थांबली.

तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. जिपारकुलला वाटलं ती पडेल, म्हणून ती पुढे झाली, पण आईने कोपराने तिला थोपवलं.

“कोणी सांगितलं?”

“सुयुन आबांनी. त्यांना कळलंही नाही काय बोलले ते.”

“शपथ विसरला,” आई म्हणाली. मग म्हणाली, “पोराला नाही विसरला.”

जिपारकुलने स्टूल आणलं. आई बसली नाही. घराकडे पाहतच ती बोलू लागली, इतक्या हळू की जिपारकुलला तिच्या तोंडाजवळ कान न्यावा लागला. कबरी हलवायला माणसं आली होती. ज्याला आपली पुरलेली माणसं वर न्यायची त्याने नाव द्यायचं होतं. दर्बिशने नाव दिलं होतं. ती कुदळवाल्यांसमोर जाऊन कबरीवर आडवी झाली. म्हणाली, पोत्यात घालून नेऊ देणार नाही. आत्ताच तर निजलाय. दर्बिशने तिला उठवलं आणि माणसांना परत पाठवलं. एक शब्द बोलला नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही.

“मग पुढच्या उन्हाळ्यात मीच त्याला म्हटलं, चल, आणू त्याला,” आई म्हणाली. “म्हटलं, मी चुकले. आम्ही दोघं गेलो. वरच्या वळणावर उभे राहिलो, आणि खाली सगळं पाणीच होतं.”

मला का नाही सांगितलंस, हे जिपारकुलला विचारायचं होतं. आता ते विचारण्याची गरज आहे की नाही हेच तिला समजेना. तिने आईच्या पाठीवर हात ठेवला.

“दार चुकलंय,” आई म्हणाली. “दार पाण्याकडं होतं. तो उंबऱ्यावर बसून पाय बुडवायचा.”

जिपारकुलने पातळ पात्याची सुरी आणली, घर अलगद सोडवलं आणि कालव्याच्या बाजूला फिरवून नव्या सरसावर ठेवलं. आई तिच्या बोटांकडे लक्ष देऊन पाहत होती. घर बसल्यावर तिने मान हलवली. मग विचारलं, “आता पाणी कुठवर आहे?”

“कुठलं पाणी?”

“ह्याच्यावर. ह्या गावावर. किती वर आहे?”

जिपारकुलला ते माहीत होतं. एका मीटरला एक सेंटिमीटर या मापाने तिने एकदा हिशेब केला होता, भिंतीवर पाण्याची रेघ काढायचा विचार होता, पण मग तो सोडून दिला होता. तिने आपला तळवा आडवा धरून पाणचक्कीवर आणला आणि वर वर नेला. छपरांवर, पॉपलरांच्या शेंड्यांवर, टेकडीच्या माथ्यावर. आईच्या खांद्याला मागे टाकून तो हात तिच्या कपाळाशी थांबला.

“इथवर,” ती म्हणाली.

आईने त्या हाताकडे पाहिलं. मग तिने आपला सुरकुतलेला तळवा उचलून त्याच्या शेजारी, त्याच पातळीवर, सपाट धरला. क्षणभर तो तसाच राहिला. गढूळ पाण्यात तळ चाचपडावा तशा सावधपणे तिने तो खाली न्यायला सुरुवात केली. छातीवरून, पॉपलरांच्या शेंड्यांजवळून, पाणचक्कीच्या चाकाला चुकवून, हळूहळू, बोटं त्या छोट्या छपराला टेकेपर्यंत. छपरावरची माती अजून ओली होती. ती बोटांना लागली, तरी आईने हात काढला नाही.

जिपारकुलने आपला हात तसाच वर धरून ठेवला.