गुरुवारचा आठवा खण

चाळीस खणांचा एक जुना लाकडी फळा, एवढीच माझी ओळख आहे, मित्रांनो. माझ्यावर खडूने कधी कोणी लिहिले नाही. मी वेळापत्रकाचा फळा. आडव्या पाच ओळी म्हणजे पाच वार आणि प्रत्येक ओळीत आठ खण म्हणजे आठ तास. प्रत्येक खणात विषयाची पुठ्ठ्याची पट्टी सरकवली, की सातवीचा आठवडा तयार. पंचेचाळीस वर्षे मी सातवीच्या वर्गाबाहेर व्हरांड्यात टांगलेला होतो. आता सामानाच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभा आहे. माझी तक्रार नाही. तक्रार करायला आधी काहीतरी वाटावे लागते.

मला सुताराने शाळेच्या मोडक्या व्यासपीठाच्या फळ्यांतून बनवले. खरे तर मला एकोणचाळीस खण हवे होते, कारण गुरुवारी शाळा सातव्या तासाला सुटत असे. मुख्याध्यापकांनी तसे मोजून सांगितलेही होते. सुताराने पेन्सिल कानावरून काढली आणि परत कानावर ठेवली.

“म्हणजे कडेचा एक दात पडलेला? गुरुजी, माणसाचं तोंड बोळकं चालतं, फळ्याचं नाही.”

“अहो, पण तो खण भरायचा कशाने?”

“ते तुम्ही बघा. तुम्ही शिकलेले. खण मी करतो.”

त्याने केला. दोन वर्षे तो खण रिकामा राहिला. जो पाहुणा येई तो त्याच्यावर बोट ठेवी आणि विचारी, “इथे काय?” मुख्याध्यापक समजावून सांगून थकले. तिसऱ्या वर्षी त्यांनी एका पट्टीवर स्वतःच्या हाताने ‘वाचन’ असे लिहिले आणि ती तिथे सरकवून दिली. त्या दिवसापासून गुरुवारी आठवा तास भरू लागला. त्याला वरून हुकूम नव्हता, अभ्यासक्रमात जागा नव्हती. एका सुताराला बोळके तोंड आवडले नाही, म्हणून तो तास जन्माला आला.

माझे काही नियम होते. पट्ट्यांना हात लावायचा तो फक्त वेळापत्रक सांभाळणाऱ्या शिक्षकाने. मुले त्याला तासमास्तर म्हणत. आणि फळ्यावर आहे ते खरे. एकदा मंगळवारी चुकून विज्ञानाच्या दोन पट्ट्या लागोपाठ लागल्या. वर्गाने दोन तास विज्ञान केले. मुख्याध्यापक फेरीवर आले, माझ्याकडे पाहिले आणि पुढे गेले. तिसरा नियम असा, की बंद पडलेल्या विषयाची पट्टी फाडायची नाही. माझ्या डोक्यावर एक फट आहे. त्या फटीतून ती आत, माझ्या पाठीच्या पोकळीत टाकायची. सुलेखन, विणकाम, कवायत, सगळे तिथे आहेत. विषय जातो, पट्टी राहते.

शेवटचा तासमास्तर एकोणीस वर्षे माझ्यापाशी होता. गणित शिकवायचा. उंच, किडकिडीत, बोलायला कंजूस. शाळेच्या ग्रंथपालबाई त्याची सख्खी मोठी बहीण. ग्रंथपाल हे नुसते नावाला. आठवडाभर त्या कार्यालयात बसून दाखले लिहीत. गुरुवारी आठव्या तासाची घंटा झाली, की माझ्या खालच्या खिळ्याला अडकवलेली किल्ली घेत आणि वर्गाशेजारची ग्रंथालयाची खोली उघडत. आठवड्यातून तेवढा एक तास ती खोली उघडी असे. मुले आत शिरत, पुस्तके उपसत, भांडत. शेवटची वीस मिनिटे बाई मोठ्याने गोष्ट वाचून दाखवत आणि नेमकी ऐन जागी थांबत.

“बाई, पुढे काय झालं?”

“पुढच्या गुरुवारी.”

“बाई, असं नाही ना!”

एकदा तासमास्तर म्हणाला, “ताई, तू पोरांना फार टांगून ठेवतेस.”

“तुलाही ठेवायचे की लहानपणी. म्हणून तर जेवायला वेळेवर घरी यायचास.”

तासमास्तर हसला. त्याला हसताना मी एकोणीस वर्षांत मोजून चार वेळा पाहिले. त्यातली ही एक.

मग हुकूम आला. सातवीला आठवड्यातून एक तास धर्मग्रंथाचा. शिकवायला ग्रंथ वाचून सांगणारे पाठक बाहेरून येतील. हा तास कोणत्या विषयाचा काढून द्यायचा, ते हुकमात लिहिले नव्हते. ते तासमास्तराने ठरवायचे होते.

त्या आठवड्यात शाळेने पालकांना बोलावले. सभागृहात बाके कमी पडली, म्हणून दारे उघडी ठेवली आणि निम्मे लोक व्हरांड्यात माझ्यासमोर उभे राहिले. एक आजोबा होते. आयुष्यभर टपाल वाटलेले. त्यांचा नातू सातवीत होता.

“मला लहानपणी बोलता यायचं नाही. शब्द अडकायचा,” आजोबा म्हणाले. “ग्रंथातल्या ओळी पाठ करून करून जीभ सरळ झाली. नातवालाही येऊ देत की चार ओळी. काय बिघडलं?”

त्यांच्या शेजारी एक नर्सबाई होती. दवाखान्यातून तशीच आलेली, पायांतले बूटही न बदलता. तिची मुलगीही सातवीत.

“आजोबा, देव आमच्याही घरी आहे,” ती म्हणाली. “तो घरी शिकवता येतो.”

“घरी शिकवायला घरी असतंय कोण? तुम्ही दोघं कामावर आणि मी बहिरा.”

लोक हसले. नर्सबाईही थोडी हसली.

“बरं, पण तुमचा ग्रंथ आमचा नाही. त्या तासाला माझ्या मुलीने बसायचं कुठे? जिन्यात? सगळा वर्ग आत आणि ती एकटी बाहेर. तिने काय गुन्हा केलाय?”

“मग बसू दे ना आत. कानात शिरलं तर कान जळत नाहीत.”

“आणि तुमच्या नातवाला आमचं ऐकवलं तर चालेल?”

आजोबांनी कानाला हात लावला. “काय म्हणालात? ऐकू आलं नाही.” पुन्हा हशा झाला. पण या वेळी नर्सबाई हसली नाही. सभा तीन तास चालली आणि काहीही न ठरता संपली. हुकूम मात्र ठरलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तासमास्तर नवी पट्टी घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. त्याने एकेका खणावर बोट ठेवत सगळे मोजले. एकोणचाळीस तासांच्या मागे कागद होता. गुरुवारच्या आठव्या तासाच्या मागे कागद नव्हता. हे गणित पहिलीतल्या मुलानेही सोडवले असते.

ग्रंथपालबाई दाखल्यांचा गठ्ठा घेऊन तिथून चालल्या होत्या. त्या थांबल्या.

“माझाच ना?”

“ताई, कागद नाही गं त्याला.”

“कागद नाही हे मला माहितीये. मी विचारलं, माझाच ना?”

त्याने आठव्या खणावरचे बोट काढले नाही. बाई गेल्या. मग त्याने नवी पट्टी आठव्या खणात सरकवली, पण जुनी काढली नाही. इतक्या वर्षांच्या घासण्याने माझ्या खणांच्या खाचा रुंद झाल्या होत्या. दोन पट्ट्या एकीपुढे एक बसल्या. पुढे ‘धर्मग्रंथ’ आणि त्याच्या वर बोटभर दिसणारे ‘वाचन’. नवीन पट्टी लावताना जुनी काढायची, हा तर साधा नियम. तो त्याने एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मोडला.

गुरुवारी आठवी घंटा झाली. पाठकसर आले. वय झालेले, खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात ग्रंथ आणि चष्म्याचे घर. ग्रंथपालबाई किल्ली घ्यायला आल्या. दोघांनीही माझ्याकडे पाहिले. दोघांच्याही पट्ट्या होत्या, आणि फळ्यावर आहे ते खरे.

“आता हो?” पाठकसर म्हणाले.

“तास पन्नास मिनिटांचा आहे,” बाई म्हणाल्या. “पहिली पंचवीस तुम्ही घ्या. तुम्ही पाहुणे.”

“आणि ज्यांना बसायचं नाही?”

“ते माझ्याकडे. खोली उघडी आहे.”

असे सहा गुरुवार चालले. पहिली पंचवीस मिनिटे पाठकसर वर्गात वाचत. नर्सबाईची मुलगी आणि आणखी दोघे शेजारच्या ग्रंथालयात पुस्तके लावायला मदत करत. जिन्यात कोणी बसले नाही. मग सगळा वर्ग ग्रंथालयात येई. पाठकसरांनी खरे तर तेव्हा घरी जायला हवे होते. पहिल्या गुरुवारी ते पिशवी उचलून दारापर्यंत गेले. गोष्ट सुरू झाली होती. ते दारातल्या स्टुलावर बसले. बाई ऐन जागी थांबल्या, तेव्हा मुलांच्या आधी तेच म्हणाले, “अहो, पुढे काय?”

“पुढच्या गुरुवारी,” बाई म्हणाल्या.

चौथ्या गुरुवारी टपालवाल्या आजोबांच्या नातवाने पाठकसरांच्या तासाला आठ ओळी न अडखळता म्हटल्या. भिंतीपलीकडे नर्सबाईची मुलगी पुस्तके लावता लावता थांबली आणि शेवटपर्यंत ऐकून परत कामाला लागली. तिला कोणी बोलावले नव्हते, कोणी हाकललेही नव्हते. हे मी पाहिले आहे. पण मला विचारले कोणी?

सातव्या आठवड्यात एका पालकाने माझा फोटो काढला. एका खणात दोन पट्ट्या. तो फोटो संध्याकाळपर्यंत घरोघरी गेला.

पुन्हा सभा झाली. पुन्हा दारे उघडी.

“आमचा ग्रंथ गोष्टीच्या पुस्तकाबरोबर एका खणात?” आजोबा म्हणाले. “अर्ध्या तासाचा देव? वाचायचं तर नीट वाचा, नाहीतर वाचू नका.”

नर्सबाई उठली. “म्हणजे वाचनाच्या नावाखाली हे चाललं होतं? आम्हाला का नाही सांगितलं? मुलीला विचारलं तर म्हणते, मज्जा येते. मज्जा येते म्हणजे काय?”

“हे मात्र बाई बरोबर बोलल्या,” आजोबा म्हणाले.

“आणि आजोबांचंही बरोबर आहे. एक काय ते ठरवा.”

दोन महिन्यांत दोन्ही बाजूंचे पहिल्यांदाच एकमत झाले. हे बंद झाले पाहिजे. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

आताच्या मुख्याध्यापिकाबाईंनी तासमास्तराला उभे केले. दोन पट्ट्या का लावल्या, असे विचारले. त्याला सांगता आले असते, की जिना रिकामा होता. नातवाच्या आठ ओळींचेही सांगता आले असते. पाठकसर पाठीमागे बसले होते, ग्रंथपालबाई दारात उभ्या होत्या. दोघांनी त्याच्याकडे पाहिले. पण तो गणिताचा माणूस. एका खणात एक पट्टी, हे त्यालाही पटत होते.

“चूक झाली,” तो म्हणाला. आणि बसला.

त्याच संध्याकाळी त्याने दोन्ही पट्ट्या काढल्या आणि माझ्या डोक्यावरच्या फटीतून आत टाकल्या. ग्रंथपालबाई कार्यालयाला कुलूप लावून आल्या.

“काढायचीच होती तर पहिल्याच दिवशी काढायचीस रे,” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “सहा आठवडे टांगून ठेवलंस.”

मग तो तास कोणाचा, यावरून पालक पुन्हा भांडले आणि प्रकरण कोर्टात गेले. निकाल लागेपर्यंत गुरुवारी आठव्या तासाला काहीही शिकवायचे नाही, असे ठरले. पण शाळा लवकर सोडायचा हुकूम नव्हता. म्हणून मुले बाकावर हात ठेवून पन्नास मिनिटे बसू लागली. लक्ष ठेवायला तासमास्तरच असे. धर्मग्रंथ नाही, गोष्ट नाही. पहिल्या गुरुवारी एका मुलीने विचारले, “सर, या तासाला काय?” तो म्हणाला, “शांतता.” दुसऱ्या गुरुवारी कोणी विचारले नाही. पाठकसर एकदा आले, माझ्या रिकाम्या खणाकडे पाहिले, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि परत गेले. ग्रंथपालबाईंनी दिवाळखोर झालेल्या माणसासारखी शांतपणे सगळी आवराआवर केली आणि वर्ष संपायच्या आधीच निवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी भाऊ हार घेऊन उभा होता. त्यांनी तो हातात घेतला, गळ्यात घातला नाही.

मला सुरुवातीला वाईट वाटे. मग गुरुवारी वाईट वाटे. मग तेही थांबले.

वर्षभराने निकाल आला. काय आला, ते मला नीट कळले नाही. तोपर्यंत छापील वेळापत्रक आले होते. त्यात एकोणचाळीसच चौकटी होत्या. गुरुवारी शाळा आता सातव्या तासाला सुटते. आजोबा म्हणतात आपण जिंकलो नाही, नर्सबाईही तेच म्हणते. दोघे फाटकापाशी भेटले की एकमेकांना नमस्कार करतात. तासमास्तराने मला स्वतःच्या हाताने उतरवले, पुसले आणि इथे आणून ठेवले. जाताना त्याने माझा गुरुवारचा आठवा खण बोटाने चाचपला. आत काही नव्हते.

माझ्या पाठीत मात्र दोन्ही पट्ट्या आहेत, मित्रांनो. पडताना समोरासमोर पडल्या. कोणती खरी, ते मोठ्या माणसांनी ठरवावे. मी लाकूड आहे, मला त्यातले कळत नाही. मला एवढेच सांगायचे आहे, की तुमच्या शाळेत कुठे रिकामा खण दिसला, तर पाहुण्यांसारखे त्याच्यावर बोट ठेवा आणि विचारा, “इथे काय होतं?” एकदा उत्तर मिळाले नाही तर दुसऱ्यांदा विचारा. आमच्या मुलांनी दुसऱ्यांदा विचारले नाही.

आणि एक गोष्ट राहिली. मला उतरवताना घाईत कोणाच्या लक्षात आले नाही, पण ग्रंथालयाची किल्ली अजून माझ्या खालच्या खिळ्यालाच आहे. तिला गंज चढू लागला आहे. अजून तरी कोणी ती मागायला आलेले नाही.