माणशी एक किलो कडता

अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात डिंभ्याला जे उन्हाळी क्रीडा शिबिर भरले, त्याचा उद्देश पत्रकात 'मुलांचा सर्वांगीण विकास' असा छापला होता. त्यातल्या एका अंगाचा विकास फारच झाला आणि तिथूनच घोळाला सुरुवात झाली.

निम्मी मुले जुन्नर तालुक्यातली, निम्मी आंबेगाव तालुक्यातली. मूळ आंबेगाव धरणाच्या पाण्याखाली गेलेले, त्यामुळे त्या तालुक्यातल्या मुलांना आपले नाव वर ठेवण्याची जरा जास्तच काळजी असे. सकाळी धावणे, मग लंगडी, खो-खो, पोहणे, आणि शेवटच्या दिवशी पन्नास किलो वजनगटाचा कबड्डीचा सामना, जुन्नर विरुद्ध आंबेगाव. बाकीचे शिबिर म्हणजे या सामन्याची वाट बघत बसायची सोय होती.

आमच्या जुन्नरच्या संघात गोरख आणि संघर्ष होते. गोरख लेण्याद्रीच्या पायथ्याचा, शेतकऱ्याचा मुलगा. रुंद, संथ आणि बोलायला महाग. संघर्ष जुन्नर गावातला, वडील एसटी डेपोत. अंगाने शेवग्याची शेंग आणि आवाज डेपोतल्या भोंग्याचा. शिबिराआधी दोघांनी एकमेकांना पाहिलेही नव्हते. आमच्या रखमाजी सरांनी पहिल्याच दिवशी त्यांना उजव्या कोपऱ्यात हात धरून उभे केले. कबड्डीत याला साखळी म्हणतात. ही साखळी अशी जमली की ते दोघे पोहायला जातानाही हात धरून जायला लागले. कोणी हसले की संघर्ष म्हणायचा, "सराव चाललाय. तुला काय?"

गोरखचे अंग बघता तो पुढच्या वर्षी मोठ्या गटात जाणार हे दिसतच होते. म्हणजे दोघांनी मिळून खेळायचा हा पहिला सामना, आणि तोच शेवटचा. गोरख हे कधी बोलून दाखवत नसे. संघर्ष दिवसातून चार वेळा बोलून दाखवी.

दुसऱ्याच दिवशी शिबिराच्या आचाऱ्याला लग्नाचे काम आले आणि तो भांड्यांसकट गेला. लग्नसराईत आचारी थांबवणे कोणाच्या हातात नसते. मग गावाने दोन-दोन मुले घरोघर जेवायला वाटून घेतली. गोरख आणि संघर्ष गेले धोंडाबाईंकडे.

धोंडाबाईंच्या घरात पाहुण्याने 'पुरे' म्हणायची पद्धत नव्हती. म्हटले तरी त्या ते 'वाढा' असेच धरीत. तांदळाची भाकरी, धरणातले मासे, आणि ते संपले की पातेलेभर आमरस. "खा रं. घरी गेल्याव आईला काय सांगशील, डिंभ्याला उपाशी ठिवलं म्हणून?" असे म्हणत त्या वाटी भरीत आणि तुम्ही उत्तर देईपर्यंत पुन्हा भरीत. संघर्षने खाल्लेले बोलण्यात खर्च होई. गोरख बोलत नसल्यामुळे त्याचे जागच्या जागी साठत गेले.

आठवड्याभरात रखमाजी सरांच्या लक्षात आले.

"गोरख, हिकडं ये. वळ. आरं पुरा वळ."

"पुराच वळलोय सर."

"राव, तू पन्नासात बसत न्हाईस," सर खाली बसत म्हणाले. "वजनाच्या दिवशी काट्यावर पन्नासच्या वर गेलास, की तू बाहेर. नियम म्हंजे नियम."

संघर्षने लगेच मोहीम हाती घेतली. भर मे महिन्यात गोरखला घोंगडी पांघरवून कालव्याच्या कडेने पळवायचे आणि मागून स्वतः ओरडायचे, "पळ, मागनं एसटी आली!" डिंभ्याला एसटी येते यावर त्या दिवसांत कोणाचाच विश्वास नसल्याने या धमकीचा उपयोग झाला नाही. मग जेवताना धोंडाबाई चुलीकडे वळल्या, की संघर्ष गोरखची वाटी ओढून घेई आणि आपली रिकामी त्याच्यापुढे सारी. धोंडाबाईंना वाटे, पोराला आमरस आवडला. त्या पुन्हा भरत. एकदा गोरखने धीर करून ताटावर आडवा हात धरला, तेव्हा त्यांनी त्याची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली आणि अशक्तपणा आला असेल म्हणून भातावर तुपाची धार धरली.

वजनाचा दिवस उजाडला. गावातल्या डॉक्टरांकडून उभे राहायचा काटा आणला होता. आधी आंबेगावची मुले चढली. सगळी पन्नासात बसली, एक स्वराज सोडून. स्वराज म्हणजे त्यांची तोफ. तो चढाईला आला, की परत जाताना तीन-चार पोरे अशी अंगाला लटकवून नेई, की बघणाऱ्याला वाटावे, बाजारातून पिशव्या घेऊन घरी निघालाय. काटा एक्कावन्नावर.

"एका किलोनं काय व्हतंय?" आंबेगावचे हौशीराम सर गयावया करीत म्हणाले. "पोरानं कालपासनं पानी न्हाई पिल्यालं."

"नियम म्हंजे नियम," आमचे रखमाजी सर म्हणाले. "एक किलो म्हंजे एक किलो."

आम्ही गंभीर चेहऱ्याने आनंद साजरा केला. स्वराजने मात्र रागाने त्या काट्यावर अशी उडी मारली, की काटा ब्याऐंशीवर जाऊन बसला आणि नंतर कोणी उतरले-चढले तरी ब्याऐंशीच दाखवू लागला. स्वराज लिंबाच्या झाडावर जाऊन सगळ्यांकडे पाठ करून बसला.

आता आमची वजने कशी करायची? गावात दुसरा काटा होता तो गेणभाऊंचा, कांद्याचा. गेणभाऊंनी कांदाबाजारात मापाडी म्हणून आयुष्य काढले होते. काटा खळ्यातून आला, त्याच्यामागून गेणभाऊही आले, आणि त्यांना चार माणसांसमोर माप करायला मिळाल्याचा इतका आनंद झाला, की त्यांनी डोक्याला नवे मुंडासे बांधले. मुलाला दंडाला धरून चढवायचे, पाठीवर एक थाप मारायची, दांडी बघायची आणि बाजारातल्या सुरात ओरडायचे, "चव्वेचाळीस! उतरव! म्होरला माल!"

माल म्हणजे आम्ही.

गोरखची पाळी आली. त्याने श्वास रोखला. शेजारी उभ्या संघर्षनेही रोखला, आणि शिबिरात पहिल्यांदाच शांतता पसरली. दांडी हलली, थांबली. एक्कावन्न. आम्हा सगळ्यांना दिसली.

"पन्नास!" गेणभाऊ ओरडले. "उतरव! म्होरला—"

"थांबा थांबा!" हौशीराम सर पुढे धावले. "गेणभाऊ, दांडी एक्कावन्नाव व्हती."

"व्हती."

"मग पन्नास कसं?"

"कडता," गेणभाऊ म्हणाले.

कांद्याच्या पोत्यामागे गोणीचा भार, चिकटलेली माती, ओल, असे सगळे मिळून एक किलो वजा धरायचा, त्याला कडता म्हणतात. गेणभाऊंनी तो जन्मभर धरला होता आणि आजही हात सवयीने चालला होता. आमच्या सगळ्यांचाच त्यांनी एकेक किलो कापला होता.

"आवो, पोराला कसला कडता? त्याला काय बारदान हाय का?"

गेणभाऊंनी गोरखकडे पारखून पाहिले. "चड्डी-बनियन हाय. पायाला माती हाय. आन् धोंडाबाईचा आमरस हाय, त्यो काय त्याचा न्हाई. आज हाय, उद्या सकाळच्याला न्हाई."

यावर उत्तर देणे शिक्षकी पेशात कठीण असते. हौशीराम सरांचा चेहरा मात्र एकदम उजळला.

"बरोबर हाय! मग आमच्या स्वराजलाबी कडता धरा. त्योबी पन्नास!"

लिंबावरून धप्पकन आवाज आला. स्वराज उतरला होता.

रखमाजी सर आम्हाला बाजूला घेऊन गेले. त्यांचे 'एक किलो म्हंजे एक किलो' अजून सगळ्यांच्या कानात होते. "पोरांनो," ते म्हणाले, "कडता नको म्हणलं, तर गोरख बाहेर, स्वराजबी बाहेर. सामना आपलाच. कडता घेतला, तर दोघंबी आत. काय करायचं?"

आम्ही स्वराजच्या मांड्यांकडे पाहिले. खोटे कशाला सांगू, सहानुभूतीने पाहिले नाही.

गोरख पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला, "मी बसतो सर. जिंका तुमी."

त्याच्या मानाने हे भाषणच होते. संघर्षने त्याला मध्येच तोडले. "गप ए. सर, कडता घ्या."

"इचार कर. त्यो तुला कमरेला बांधून न्हील."

"न्हेऊ द्या. मग हा असंल ना बरोबर." आणि तो आमच्याकडे वळला. "तुमी काय रं, फोटो काढायला उभं ऱ्हायलाय? हात वर करा."

आम्ही हात वर केले. काहींनी मैत्रीखातर केले, काहींनी संघर्ष वर्षभर बोलून दाखवील म्हणून. मोजायला दोन्ही सारखेच.

सामन्याला सगळे गाव लोटले. स्वराजने पहिल्या डावात आमची अशी साफसफाई केली, की मैदान झाडल्यासारखे दिसत होते. दुसऱ्या डावात साखळी लागली. गोरखने घोटा धरायचा, संघर्षने कंबर. दोनदा तर स्वराज मैदानाच्या मधोमध असा आडवा झाला, की धोंडाबाई ओळीच्या आत येऊन नाचल्या आणि पंचांनी त्यांना बाहेर काढले. गुण सारखे झाले. शेवटची चढाई उरली, आणि आला अर्थात स्वराजच.

तो उजव्या कोपऱ्याकडेच आला. गोरखने घोटा पकडला, संघर्षने कमरेला मिठी मारली, आणि त्या गडबडीतही दोघांचे एकमेकांच्या हातातले हात सुटले नाहीत. स्वराज पडला. पडल्या-पडल्या 'कबड्डी-कबड्डी' म्हणत तो कोपरांवर सरकू लागला. मागे हे दोघे. रेषा हातभर राहिली, वीतभर राहिली. सगळे गाव ओरडत होते, कोणत्या बाजूने ते गावालाही ठाऊक नव्हते. स्वराजने बोट लांब केले आणि मध्यरेषा शिवली.

शिट्टी झाली. दोघे बाद, सामना आंबेगावचा. हौशीराम सरांनी गेणभाऊंना उचलून घेतले.

आम्ही धावत गेलो, तेव्हा ते दोघे मातीत तसेच पडलेले. गोरखच्या तोंडात माती, संघर्षच्या तोंडात शब्द.

"तू झेप उशिरा घेतलीस!"

"तू आधी घेतलीस," गोरख म्हणाला.

"आधी? आरं त्यो दिसला तवाच घ्यायची असती!"

"मी खूण केली व्हती."

"कशानं? माझा हात तर तूच दाबून धरल्याला!"

"तीच खूण व्हती."

पंच वाकून म्हणाले, "पोरांनो, सामना संपला. हात सोडा आता."

"थांबा हो सर," गोरख त्यांच्यावर खेकसला, "आधी चूक कोणाची ते ठरू द्या!" आणि पंचांना तिथेच उभे ठेवून तो संघर्षशी भांडू लागला, एका हाताने मातीत मैदान आखून दाखवत, कारण दुसरा मोकळा नव्हता.