लाल शाईचे गोल

बोरूचं टोक हवं तसं तिरकं उतरलं होतं. गंगाधरने ते नखावर टेकवून पाहिलं, शाईत बुडवलं आणि नलूच्या वहीत वरच्या ओळीवर कित्ता घातला – 'नेहमी खरे बोलावे.' मोत्यासारखं अक्षर, भोरच्या कचेरीत नावाजलेलं. आज कचेरीला सुटी. समोर पाटावर सात वर्षांची त्याची लेक नलू. "पोरीचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय," मास्तर म्हणाले होते, आणि तो "हो" म्हणाला होता. बायको गेल्यापासून, वर्षभर, तो सगळ्यांना "हो"च म्हणत आला होता. वाईट वाटायला हवं, एवढं कळत होतं. वाटत काही नव्हतं.

"लिही खाली," तो म्हणाला आणि दुसरा बोरू तासायला घेतला.

नलूच्या म-ची गाठ उघडीच राहते... ओळ शेवटी शेवटी खाली घसरते. आईने चुलीपाशी बसवून शिकवलेलं अक्षर. तिचंही असंच – बाळंतपणाला माहेरी नसरापूरला गेली होती, तिथून तिने पत्र पाठवलं, लग्नानंतरचं पहिलंच, आणि मी काय केलं, तर लाल शाईने सात अक्षरांना गोल केले आणि पत्र तिलाच परत धाडलं. गंमत म्हणून. कचेरीत सांगून हसलोही. पुढची पत्रं तिच्या भावाच्या हातची आली – 'इकडे सर्व खुशाल.' तिने पुन्हा कधी लिहिलं नाही. मी विचारलं नाही.

"झालं, नाना."

त्याने वही ओढली, लाल दौत उघडली. एक म, दुसरा म, एक घसरलेला ट... हात आपला चालत होता. नलू त्याच्या तोंडाकडे पाहत होती.

"वाचलंत?"

त्याने मग वाचलं. कित्ता नव्हताच तो. 'आज नाना घरी आहेत. मला मजा वाटते.'

बायकोच्या पत्रातले सातही गोल कुठं कुठं होते ते त्याला आजही दाखवता आलं असतं. पण त्या पत्रात... काय होतं त्या पत्रात? खुशाली? की काही मागितलं होतं? त्याने आठवून पाहिलं. मी ते वाचलंच नव्हतं.

"परत लिहू? कित्ता?"

"नको."

शाई ओली असतानाच नलूने वही मिटली. ही आता लिहायची नाही – त्याला भीती वाटली, वर्षभरात पहिल्यांदाच.

"नलू, पुढं काय लिहिणार होतीस?"

"काही नाही," ती म्हणाली आणि पाट उचलून भिंतीला लावला.