कोलमनचे दहा मणी

आमच्याकडे संध्याकाळी चर्चची सहाची घंटा झाली की चहाचे कप तसेच ठेवून आधी जपमाळ. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, यात कधी खाडा नाही. दहा-दहा मण्यांचे पाच फेरे. पहिला माझा, दुसरा माझ्या नवऱ्याचा, कोलमनचा. तिसरा त्याची बहीण अट्रॅक्टा हिचा; ती शेजारीच राहते. उरलेले दोन आम्ही नणंद-भावजय वाटून घेतो. ज्याचा फेरा त्याने प्रत्येक मण्याला 'नमो मारिया'पासून अर्धी प्रार्थना म्हणायची, 'पवित्र मारिये'पासूनची अर्धी बाकीच्यांनी.

कोलमन मेंढ्यांच्या बाजारात लिलाव पुकारायचा, आणि प्रार्थनाही त्याच वेगाने. आम्ही 'पवित्र' म्हणायला तोंड उघडावं, तर हा पुढच्या मण्यावर.

"अरे, देवाच्या आईला जरा दम खाऊ दे!" मी म्हणायचे.

"तिला कळतंय सगळं. तू तुझं बघ, डिम्फ्ना."

नोव्हेंबरात त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, उजवा हातही थोडाफार आला. वाचा मात्र गेली. अख्ख्या बाजाराला ऐकू जाणारा माणूस चहा हवा असला की कपाकडे बोट दाखवू लागला.

हॉस्पिटलमधून आला त्या दिवशी दुसऱ्या फेऱ्याला मी गप्प बसले. एक 'नमो मारिया' होईल एवढा वेळ जाऊ दिला, मग माझी अर्धी म्हटली. असं दहा वेळा.

"वेड लागलंय का गं तुला?" अट्रॅक्टा म्हणाली. "कुणाला साथ देतेस?"

"फेरा त्याचा आहे. मनात म्हणत असेल."

"आणि नसला म्हणत तर?"

"तर मारिया समजून घेईल. तुझ्यासारखी नाहीये ती."

म्हटलं खरं तोऱ्यात, पण कित्येक दिवस श्रद्धेनं नव्हे, निव्वळ हट्टानं थांबले. जपमाळ संपली की रोज एका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे, एवढं मात्र सोडलं नाही. घास ठसका न लागता उतरला. कुत्र्याकडे बघून हसला.

"आज काय सापडलं?" अट्रॅक्टा विचारायची.

"शर्टाचं वरचं बटण त्याचं त्यानं लावलं."

"धन्य आहे बाई तुझी!" असं म्हणायची, पण दुसऱ्या दिवशी सहाच्या आधीच येऊन बसायची.

जूनमध्ये स्पीच थेरपिस्टने सांगितलं, आता यायची गरज नाही. सात महिन्यांत जे आलं ते आलं, आता आहे त्यात समाधान माना. पोरगी भली होती, सांगताना तिचेच डोळे भरले. घरी येऊन मी पाव करायला घेतला आणि करपवला.

सहा वाजले. माझे दहा मणी झाले. कोलमनचा फेरा आला आणि ती शांतता मला सोसवेना. एकदम माझ्याच तोंडून निघालं, "नमो मारिया, कृपापूर्णे..."

अट्रॅक्टाने मान वर केली.

टेबलावर थाडकन हात आपटला. कपातला चहा सांडला. कोलमन लालबुंद झाला होता, ओठ हलत होते.

"मा..." 

मला वाटलं, दुखतंय काहीतरी. मी उठले.

"माझं!" तो म्हणाला.

आपल्या कळपातली मेंढी दुसऱ्याच कुणी विकायला काढावी, तसा माझ्यावर चिडला होता. मी परत खाली बसले. त्याने डाव्या हातात मणी धरला.

"नमो..." बराच वेळ गेला. "मारिया."

एकेक शब्द चिखलातून ओढून काढल्यासारखा. मधले दोन-चार राहिलेच. 'येशू' मात्र अगदी स्पष्ट आला. त्या दिवशी आभार कशाचे मानायचे ते शोधावं लागलं नाही. देवा, किती दिलंस रे!

आता पाळी आमची. अट्रॅक्टाने तोंडावर रुमाल दाबलेला. माझ्या तोंडून 'पवित्र'मधला 'प' सुद्धा फुटेना. इतके महिने त्याच्या मुकेपणाला साथ दिली, आणि तो बोलला तेव्हा मीच मुकी.

कोलमनने माझ्याकडे पाहिलं. मणी बोटांत तसाच धरून ठेवला, आणि एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच तो माझ्यासाठी थांबला.