डोळा भरायचा चाकू

चाकू उघडाच आणला होता तिनं. जुन्या चादरीच्या तुकड्यात, निजलेलं तान्हं आणावं तसा.

"मिटून आणायचा ना गं बाई, बोट गेलं असतं."

"आई मिटू देत नाही, मावशी. ज्यानं उघडला त्यानंच मिटावा, म्हणते."

ती शिवणकाम करणारी. बाहीला रंगीत दोऱ्यांची टोकं चिकटलेली. अकरा वर्षांपूर्वी तिचा भाऊ हा चाकू खिडकीत टाकून, "आलोच" म्हणून गेला. आलाच नाही. त्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी एका शेजाऱ्याला कुणीतरी भोसकलं. पात्यावर तांबूस डाग होता. लोकांनी सुतावरून स्वर्ग गाठला.

"आई अंथरुणाला खिळलीय. एकच विचारते, माझ्या लेकाच्या हातून झालं का ते? खरं काय ते सांगा. वाईट असलं तरी."

दुकान माझं धार लावायचं. जुने घडीचे चाकू ओळखायची विद्या मात्र मामंजींची. भिंग पुसता पुसता ते गुणगुणायचे:

*पात्याची झीज वाच, मुठीचा घाम वाच,*
*माणूस खोटं बोलेल, गंज बोलतो साच.*

ओळख पटेपर्यंत डाग पुसायचा नाही, हा त्यांचा नियम. मी भिंग लावलं. टोक गोल, बोथट. मुठीच्या शेवटाला शिंगाची चपटी पट्टी, जिभेसारखी. धार एकाच अंगानं, आणि तीही उलट्या.

"भाऊ डावखुरा?"

तिनं झटकन वर पाहिलं. "आई चमचा उजव्या हातात द्यायची, हा डाव्यात घ्यायचा. रोजचं भांडण."

"अगं, ह्यानं काकडीसुद्धा भोसकता यायची नाही. झाडाला डोळा भरायचा चाकू हा. पात्यानं साल चिरायची, ह्या जिभेनं उचलायची, आत दुसऱ्या झाडाचा डोळा बसवायचा. कोंब फुटतो तो डोळा. आणि डाग रक्ताचा नाही. झाडाचा चीक आहे."

"काकडीसुद्धा नाही?" ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून वाहिले.

पात्याच्या बुडाशी तीन पानांचा शिक्का होता. नदीपलीकडच्या रोपवाटिकेचा, आपल्या माळ्यांसाठी ते चाकू घडवून घ्यायचे. म्हणजे पोरगा गुपचूप कामाला लागला होता. पुढचं जिभेवर येईना. पण खरं सांगा म्हणाली होती. सांगितलं: ती रोपवाटिका अकरा वर्षांपूर्वी, त्याच दिवशी दुपारी जळाली. माळ्यांसकट.

ओळख पटली होती, म्हणून मी डाग पुसला. फडकं ओलं झालं. पुन्हा पुसला. खिळ्याच्या फटीतून चीक पाझरतच होता, ताज्या सालीच्या वासाचा. भर दुपारी दुकान गार पडलं. आम्हा दोघींचे हात मांडीवर होते. पातं धरून ठेवणारी कमान करकरली, आणि पातं आपलंआपण मिटलं.

टक्.

उघडायला गेले तर माझं नख तुटलं. ती मिटलेला चाकू छातीशी धरून घरी गेली.

आठ दिवसांनी आली, ती दारातच उभी राहिली.

"आईला सांगितलंस?"

"सांगितलं. चाकू मागितला तिनं. आणि उघडला, मावशी. डाव्या हातानं." तिचा आवाज खाली गेला. "दोन वर्षं लुळा आहे तो हात."

मी खुर्ची पुढे केली. बसली नाही.

"म्हणाली, खिडकीतली लिंबाची कुंडी जवळ घे. साल चिरली, उचलली, डोळा भरला. म्हटलं, आई, कुणी शिकवलं? तर म्हणते, हात धरून शिकवतोय ना, आंधळी आहेस का?"

"पण डोळा कुठून आणला गं? तुमच्याकडे दुसरं झाड आहे?"

ती बाहीवरचं दोऱ्याचं टोक ओढत राहिली.

"तिच्या मुठीत फांदीचा तुकडा होता. जळून कोळसा झालेला. त्यावर एकच डोळा, हिरवा." मग हळूच म्हणाली, "फुटायला किती दिवस लागतात?"

"तीनेक आठवडे."

"आईला सांगते. ती म्हणाली, विचारून ये, तेवढं थांबते मी."