शुक्रवार ते सोमवार

शहाळं बंद. केळं बंद. बटाटा उकळून, पाणी ओतून टाकून.

गवताची टोपी, रुंद काठाची. हरमलच्या किनाऱ्यावर गोऱ्यांसाठी दोरीवर टांगतात ती.

पाणी दिवसाला तीन पेले. औषधाबरोबरचा घोट त्यातच.

ओली पाकळी देवाच्या उजव्या अंगाने पडली तर होय, डाव्या अंगाने पडली तर नाही.

सोमवार, बुधवार, शुक्रवार.

हे सगळं एकाच सहलीचं सामान. सहल अंदमानची, माणसं दोन: डिचोलीच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला कृष्णनाथ आणि त्याची बायको सुमंगला. सुमंगलाच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, ती डायलिसिसच्या मशीनला जोडलेली असे. शुक्रवारच्या संध्याकाळपासून सोमवारपर्यंतचा वेळ तेवढा सलग तिचा. त्यात एक बेट बसवायचं होतं.

तिने बसवलंही. एक हात मशीनला जोडलेला, दुसऱ्या हाताने पाठकोऱ्या कागदावर. शनिवारी पहाटे दाबोळीहून विमान. दुपारी पोर्ट ब्लेअर. रविवार अख्खा पाण्यापाशी. सोमवारी परतताना चेन्नई. तिथल्या एका दवाखान्यात मशीन मिळेल, हे तिने फोन करून पक्कं केलेलं. डॉक्टरही म्हणाले, "जा खुशाल. फक्त पाणी सांभाळा."

शेजारची प्रभावती हसून लोळायची बाकी होती. "गोंयची माणसं दर्या बघायला विमानात बसतात? हरमल काय आटलं गो?"

"हरमलला मला सगळे ओळखतात," सुमंगला म्हणाली. "पाण्यात पाय घालायच्या आधी कोणीतरी विचारणार, आता बरं आहे ना गो? मला न विचारणारा दर्या हवाय."

कृष्णनाथ वरवर हो-हो म्हणत होता. विमानात, ढगांच्याही वर, हिचा श्वास अडकला तर? चारी बाजूंनी पाणी असलेल्या जमिनीवर अडकला तर? तिकिटं काढायची म्हटलं की तो 'उद्या' म्हणे. असे अकरा उद्या झाले.

शेवटी एका शनिवारी तीच म्हणाली, "अहो, तुम्ही पेडण्याला जा. माझ्या माहेरच्या देवळात कौल लावा. माझं ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकत नाही. देवाचं तरी ऐकाल."

"आणि देव नाही म्हणाला तर?"

"तर अंदमानचं नाव काढणार नाही. तुमची शपथ."

तो गेला. बाबली गुरवाने पाकळ्या भिजवून देवाला लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "तुझी लेक दर्यापलीकडे जाऊक बघता. बरां होणार आसात तर उजवो दी रे म्हाराजा."

कृष्णनाथ हात जोडून उभा होता आणि मनातल्या मनात भलतंच मागत होता. पाकळी हलली. थोडी घसरली, थांबली. मग उजवी पडली, अगदी स्वच्छ.

"देवान वाट मोकळी केली," बाबली म्हणाला.

घरी सुमंगला दारापुढच्या बाल्कांवात बसली होती. डोक्यावर टोपी.

"काय म्हणाला देव?"

"डावी," कृष्णनाथ म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. बघतच राहिली. मग टोपी काढून मांडीवर ठेवली, तिचा काठ बोटांनी सरळ केला.

"बरं," ती म्हणाली. "हातपाय धुऊन घ्या. पोदेर आला नाही आज, पाव नाहीत. भाकरी टाकते."

शपथ तिने पाळली. कागद फाडला नाही. त्यावरच्या उरलेल्या जागेत वाण्याची यादी लिहिली. रविवारची भरतीची वेळ, खाली तूरडाळ एक किलो.

दोन महिन्यांनी एकदा त्यालाच राहवलं नाही. "पुन्हा विचारून बघू का देवाला?"

"एकच गोष्ट देवाला दोनदा विचारू नये," ती म्हणाली, आणि का कोण जाणे, हसली.

सुमंगला गेली ती एका रविवारी. डिचोलीच्या घरात, दुपारचं जेवून आडवी झाली असताना. दवाखाना दहा मिनिटांवर होता. गाडी दारात होती.

सुतक फिटल्यावर कृष्णनाथ पेडण्याला गेला. बाबली समया पुसत होता. कृष्णनाथने उभ्या उभ्या सांगून टाकलं: देवाने उजवी दिली, मी घरी डावी सांगितली.

बाबलीने हातातली समई खाली ठेवली. तो म्हणाला, "माका कित्याक सांगतास, कृष्णनाथबाब? थंय सांगा."

कृष्णनाथ गाभाऱ्याकडे वळला. हात जोडले. चाळीस वर्षं कचेरीत अर्ज लिहिलेल्या माणसाला पहिला शब्द सापडेना. बाबली बाहेर जाऊन बसला, म्हणजे त्याला एकट्याला बोलता यावं. तरी सापडेना.

त्याला कौल लावायला पाठवलं त्याच्या चार दिवस आधी, मंगळवारी, सुमंगला एकटीच बसने पेडण्याला येऊन हाच कौल लावून गेली होती. त्या दिवशी देवळातली पाळी बाबलीच्या भावाची होती. पाकळी उजवी पडली होती.