नावं घातलेली भांडी

शुभदाबाई घाबरल्या असं कुणी सांगितलं असतं, तर लखनऊ छावनीतल्या त्यांच्या गल्लीत ते कुणालाच खरं वाटलं नसतं. माकडांना त्या लाटणं घेऊन हाकलत, आणि मुलाच्या साहेबालाही "चहा होईपर्यंत उठायचं नाही" असं दरडावत. पण त्या दुपारी ऑटोत बसल्या तेव्हा त्यांचे हात थरथरत होते, आणि नातीला दिसू नयेत म्हणून त्यांनी ते पदराखाली घेतले होते.

कौमुदीआत्यांचं वर्षश्राद्ध परवावर आलं होतं. आत्या म्हणजे त्यांच्या यजमानांच्या आत्या. साठ वर्षं याच शहरात काढली त्यांनी. लखनऊत मराठी माणूस येतो तो बदलीवर. रेल्वेत, फौजेत, नाहीतर कुठल्या प्रयोगशाळेत. तीन-चार वर्षं राहतो नि बिऱ्हाड उचलतो. जाताना आत्या प्रत्येक घराकडून एक पितळेचं भांडं मागून घेत, नाव नि साल घातलेलं. "माणसं जातात गं शुभदे. इथे कोण राहून गेलं, हे कुणाला तरी ठाऊक नको?" दर दसऱ्याला सगळी भांडी चिंचेनं घासायची आणि घासता घासता एकेकाची हकिगत सांगायची. कुणाची मुंज इथल्या अंगणात लागली, कुणाची बायको बाळंतपणात गेली, कोण सायकल हाणत अमौसीला विमानं बघायला जाई. घरचेही त्याच रांगेत होते. सासऱ्यांचं घंगाळ होतं, आत्यांची स्वतःची कळशी होती.

शुभदाबाईंची शाळा तिसरीतच सुटलेली. अक्षरं त्यांना बोटानं चाचपून लागत. मुलगा सत्यजित म्हणाला होता, "आई, मोबाइलवर फोटो काढून ठेवू." त्याला त्यांनी असा झाडला की पुन्हा विषय काढला नाही. "आत्यांनी ते माझ्या ओटीत टाकलंय. मला तोंडपाठ आहे सगळं. तुमचं ते डबडं पाण्यात पडलं की संपलं!"

आणि आज सकाळी त्यांनीच काय केलं? श्राद्धाला येणाऱ्यांपुढे भांडी लखलखली पाहिजेत म्हणून पोतं भरून यहियागंजच्या पॉलिशवाल्याकडे धाडली. वर फोनवर बजावलं, "भैया, ऐसा चमकाओ कि मुँह दिखे!" जेवताना सून अनघा सहज बोलून गेली, "आई, हल्ली मशीनवर घासतात ना? मग नावं राहतात का हो?"

शुभदाबाई ताटावरून उठल्या. दुकानाचा फोन कुणी उचलेना.

हजरतगंजच्या गर्दीत ऑटो अडकला. शुभदाबाई मनातल्या मनात उजळणी करू लागल्या. मोठी परात... दत्तात्रय मास्तरांची? की त्यांच्या आधी त्या क्वार्टरात जे होते त्यांची? कडीचा डबा सावनीच्या आईचा. सावनीचं आडनाव काय बरं? भांडं हाताशी असलं की आत्यांचा आवाज आपोआप कानात यायचा. आज हात रिकामे होते नि कानही रिकामे. आपल्याला काहीच तोंडपाठ नव्हतं. जे होतं ते पितळेवर होतं.

"भैया, बैलगाडी है क्या? चलाओ ना!" त्या खेकसल्या.

नात सृष्टी बघत होती. तिला मराठी सगळं कळे, पण उत्तर हिंदीत येई. "आजी, डर लग रहा है?"

"मला? मी यमाला घाबरत नाही."

"तो हाथ क्यों छुपाए हैं?"

"गार वाजतंय."

"मई में?"

"गप बस."

गल्लीच्या तोंडाशीच मशीनची घरघर ऐकू आली. पॉलिशवाल्यानं मोठ्या कौतुकानं परात पुढे धरली. "देखिए अम्मा, मुँह दिख रहा है!"

दिसत होतं खरं. नाव होतं तिथे एका म्हातारीचं भेदरलेलं तोंड दिसत होतं. शुभदाबाईंनी बोट फिरवलं. गुळगुळीत. तेवढ्यात मशीनवरच्या माणसानं आत्यांची कळशी उचलून फिरत्या चाकाजवळ नेली.

"रुको!" त्या झेपावल्या आणि कळशी ओढून पोटाशी धरली.

"अम्मा, हाथ कट जाता!"

"कटने दो!"

पाच भांड्यांवरची नावं पुसली गेली होती. पॉलिशवाला ओशाळून म्हणाला, "आपने ही तो कहा था..."

"हाँ. मैंने ही कहा था," शुभदाबाई म्हणाल्या. सृष्टीनं दचकून वर पाहिलं. आजीच्या तोंडून असलं वाक्य तिनं जन्मात ऐकलं नव्हतं.

त्या दुकानाच्या पायरीवरच बसल्या. "मोबाइल काढ. लिही."

"आजी, मराठी लिखना नहीं आता मुझे."

"हिंदीत लिही, पण आत्ता लिही. मला... मला आठवत नाही गं सगळं."

मग एकेक भांडं मांडीवर घेत, बोटानं अक्षर अक्षर लावत त्या सांगत गेल्या. पुसलेलीही हातात घेतली. परातीच्या काठाला पोचा होता. पंगतीत वाढताना पडली होती ती, म्हणजे मास्तरांचीच. घंगाळ वजनावरून कळलं, डबा कडीवरून. पातेलंही बुडाला मारलेल्या ठिगळावरून ओळखलं. शेवटी एक साधा तांब्या राहिला. त्यांनी तो फिरवून फिरवून पाहिला, डोळे मिटून चाचपला, कानाशी धरला. आत्या काही बोलेनात.

"छोड़ दूँ इसको?" सृष्टीनं हळूच विचारलं.

"सोडायचं नाही! लिही, एक तांब्या. देणारा लखनऊत राहून गेला. नाव शुभदानं पुसलं."

सृष्टीचं बोट थांबलं. "ऐसे ही लिखूँ? परसों सब पढ़ेंगे, आजी."

"असंच." शुभदाबाईंनी तांब्या दोन्ही हातांनी उचलून पुन्हा कानाशी नेला. हात अजून थरथरत होते. ते पदराखाली घ्यायचं मात्र त्या विसरल्या होत्या.